नऊ थरांची किंकाळी

मनुष्याचा पहिला उद्गार ही किंकाळी असते, आणि पुढची सगळी कला म्हणजे त्या किंकाळीकडे परत जाण्याची धडपड असते. हे वाक्य मी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पनवेलला, उरण नाक्याजवळच्या माझ्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ऐकलं. सांगणाऱ्याच्या तोंडात खडीसाखर होती. वाक्य संपल्यावर त्याने ती एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि विचारलं, "काका, गरम पाणी मिळेल?"

मी तेव्हा चौतिशीत होतो आणि कुणाचाही काका नव्हतो.

खोलीला मी स्टुडिओ म्हणत असे, कारण दारावरची पाटी तशी रंगवून घेतली होती. आत भिंतींना जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले, मधोमध एक टेबल, त्यावर चार ट्रॅकचं कॅसेट रेकॉर्डर-मिक्सर. माझी गिऱ्हाइकं म्हणजे भजनी मंडळं, नगरपालिकेचे उमेदवार आणि आसपासच्या गावांतून हळदीची गाणी भरायला येणाऱ्या बायका. या सगळ्यांची माझ्याकडून एकच अपेक्षा असे: इको टाका. उमेदवारांनाही इको हवा असे. आश्वासन दोनदा ऐकू आलं की ते पाळलं जाईल असं वाटतं बहुधा.

तर अशा खोलीत हा मुलगा आला. तेवीस वर्षांचा, नवीन पनवेलला राहणारा, इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर, आणि इंग्रजी गाणी करणाऱ्या एका बँडचा गायक. बँडमधल्या बाकीच्या तिघांनी दोन दिवसांत ड्रम मशीन आणि गिटारी भरून टाकल्या आणि ते आपापल्या घरी गेले. त्यांच्या मते त्यांचं काम झालं होतं. गायकाचं अजून सुरू व्हायचं होतं.

त्याला घाई होती आणि तिचं कारण कागदावर होतं. मुंबईच्या एका कॉलेजात बँडची स्पर्धा होती. तिच्या प्राथमिक निवडीसाठी शनिवारपर्यंत कॅसेट पोचवायची होती. दुसरीकडे, विदर्भातल्या एका सिमेंट कारखान्यातून त्याला नोकरीचं पत्र आलं होतं आणि पुढच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. त्याचे वडील सरकारी कचेरीत होते. मुलाला एक वर्ष गाण्यासाठी हवं आहे म्हटल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही, फुलस्केपचा अर्धा कागद घेतला आणि लिहिलं: 'सदर स्पर्धेत पहिल्या तीन क्रमांकांत आल्यास नोकरीचा विचार एक वर्ष स्थगित. अन्यथा विहित तारखेस रुजू होणे.' खाली दोघांच्या सह्या. मुलाने तो कागद मला दाखवला आणि घडीवर घडी जुळवून परत खिशात ठेवला. मला त्याच्या किंकाळ्यांबद्दल कधीही काही वाटलं नाही, पण त्या घड्यांबद्दल वाटलं. तीच माझी चूक.

त्याची योजना अशी होती: एकच आवाज नाही, नऊ आवाज. सगळे त्याचेच. तीन खालचे, पोटातून काढलेले, त्यांना तो 'पाताळ' म्हणे. तीन मधले, ओरडल्यासारखे, ते 'भूमी'. तीन वरचे, कुकरची शिटी अडकल्यासारखे, ते 'आकाश'. हे नऊ एकावर एक रचले की ऐकणाऱ्याला एक माणूस नाही, अख्खी मानवजात ओरडताना ऐकू यायला हवी होती.

"ट्रॅक चार आहेत," मी म्हटलं. "एकावर ड्रम, एकावर गिटार आणि बेस. उरले दोन. मानवजात दोनात बसवावी लागेल."

"बाउन्स करा ना, काका."

बाउन्स म्हणजे काय ते सांगतो, कारण माझी पुढची सगळी चिडचिड त्यातच आहे. तिसऱ्या ट्रॅकवर एक आवाज भरायचा. मग तो वाजवत असताना गायकाने दुसरा आवाज द्यायचा आणि दोन्ही मिळून चौथ्यावर घ्यायचे. मग तिसरा पुसायचा, चौथा वाजवायचा, नवा आवाज मिसळून परत तिसऱ्यावर. असं मागेपुढे. एकदा दोन आवाज एकत्र झाले की ते वेगळे होत नाहीत, भिजवलेल्या कणकेतून मीठ काढता येत नाही तसं. शिवाय दर फेरीला टेपची खरखर वाढते. भजनी मंडळाला मी दोन फेऱ्यांच्या वर कधी नेलं नव्हतं. इथे आठ लागणार होत्या.

पहिल्या दिवशी 'पाताळ' सुरू झालं आणि पंधराव्या मिनिटाला दारावर टकटक झाली. माझ्या खोलीखाली एका दंतवैद्याचा दवाखाना होता. अत्यंत सभ्य माणूस. पांढरा कोट घालून दारात उभे.

"तुमच्या कलेविषयी मला आदर आहे," ते म्हणाले. "पण खाली एका बाईंची दाढ काढायची होती. त्या आता रिक्षात बसून गेल्या."

"त्यांना सांगा, वर गाणं चाललंय."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर, मी दाढेसकट जगेन."

दवाखाना दुपारी एक ते साडेचार बंद असे. तेवढ्या वेळातच किंचाळायचं असं ठरलं. पनवेल तेव्हा दुपारी झोपत असे, आणि आम्ही दोघं त्या झोपेवर उठलो होतो. समोरच्या किराणा दुकानदाराने तिसऱ्या दिवशी मला हळूच विचारलं, मुलाला बाहेरचं काही झालंय का, त्यांच्या ओळखीचा एक माणूस नेऱ्याला असतो.

नववा थर बुधवारी भरला. आम्ही सगळं ऐकलं.

माझ्याकडे आजही त्या आवाजाला शब्द नाही. जवळचं सांगायचं तर एसटी डेपोत गाडी थांबताना ब्रेकची हवा सुटते ना, ती साडेतीन मिनिटं सुटत राहिली तर. साधा गाता आवाज बारीक असतो, त्याच्यावर दुसरा ठेवला की तो भरतो, चार ठेवले की दणदणीत होतो. पण फाटका आवाज आधीच सगळीकडे पसरलेला असतो. तो वरही असतो, खालीही असतो, गिटारच्या जागेतही पाय पसरून बसलेला असतो. त्याच्यावर दुसरा फाटका आवाज टाकला की मोठं काही होत नाही, फक्त कडा जातात. नऊ टाकले की सपाट भिंत. त्यात प्रत्येक शब्दाचा 'क' आणि 'ट' नऊ वेळा, थोडा पुढेमागे, मोहरी तडतडावी तसा. शब्द एकही कळत नव्हता. अख्खी मानवजात ओरडत होती आणि ती फार लांब, बंद दाराच्या आत, ओरडत होती.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

त्याने टेप मागे घेऊन परत ऐकली. मग म्हणाला, "बारीक वाटतंय."

"नऊ जण आहेत."

"मग दहावा टाकू या का?"

इथे मी ज्येष्ठमधाची कांडी हातात घेतली आणि ती मोडली. ती त्याची होती.

मी त्याला समजावलं की आता वाढवायचं नाही, कमी करायचं. सगळे थर एकत्रच खाली घेऊ, खालचा घुमारा कापू, गिटारला जागा देऊ. तो म्हणाला, कमी केलं तर सत्य कमी होईल. मी म्हटलं, सत्य सध्या खरखरीखाली आहे. दोन तास असे गेले. शेवटी मी माझ्या धंद्यातला जुना उपाय काढला. मिक्सरच्या कडेला एक जास्तीचा नॉब होता, फिरवायचा, मोठा, चकचकीत. त्यावर मी पट्टी चिकटवली होती: 'भाव'. भजनी बुवा मिक्सिंगला बसले की हमखास म्हणत, सगळं ठीक आहे पण भाव कमी पडतोय. मग मी त्यांना तो नॉब देत असे. ते डोळे मिटून तो थोडा उजवीकडे फिरवत, आणि चेहऱ्यावर समाधान पसरे. तो नॉब कशालाच जोडलेला नव्हता.

मुलाला मी तो दिला. त्याने फिरवला. ऐकलं. परत फिरवला. आणि मग, बुवांपैकी एकानेही कधी केलं नव्हतं ते केलं. तो वाकून टेबलाखाली गेला. इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आहे हे मी विसरलो होतो.

टेबलाखालून आवाज आला, "काका, ह्याला वायर नाहीये."

"नाही."

"तुम्ही सगळ्यांना हेच देता?"

"ज्यांना लागतं त्यांना."

"म्हणजे फसवता."

"आजवर एकाही बुवाने भाव परत आणून दिलेला नाही."

तो हसला नाही. टेबलाखालून बाहेर आला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "मला एक वर्ष पाहिजे, काका. मला हे नका देऊ." आणि निघून गेला. मी स्वतःवर चिडलो. त्याच्यावर तर चिडलेलो होतोच, त्यामुळे जागा फार उरली नव्हती.

गुरुवारी सकाळी हळदीवाल्या आल्या. विचुंब्याकडच्या सहा बायका, आणि त्यांच्यात मुख्य धवलारीण, म्हणजे लग्नात धवले, विधीची पारंपरिक गाणी, सांगणारी. सत्तरीची, नाकात मोठी नथ, कमरेला पानाची चंची. मी यंत्र लावत असताना चुकून मागची कॅसेट सुरू झाली आणि मानवजात परत ओरडली. पाच बायका दाराकडे सरकल्या. म्हातारी बसून राहिली.

"आगं बया! ह्या पोराला कोन मारतंय?"

"कोणी नाही, आजी. तो गातोय."

"येकटाच?"

"एकटाच. पण नऊ वेळा."

तिने पानाचा विडा गालात लावला आणि विचार केला. "आमी सा जनी बसताव. सगल्या जनी एकदम सबूद बोलल्या, त नवऱ्याला कलंल काय, हलद लावताव का शिव्या देताव? येकीनं सबूद बोलाचा. बाकीच्यांनी नुसता शेवट धराचा. त्या पोराला कोन सांगितला नाय काय?"

"मी सांगितलं."

"तू सांगितला आसशील मास्तरासारका," ती म्हणाली आणि गायला बसली. आणि खरंच, ती ओळ सांगे, स्पष्ट, कोरडी, भाकरी मोडावी तशी. आणि बाकीच्या पाच जणी फक्त ओळीचा शेवटचा स्वर उचलत, ओढत, त्यात शब्दाचा मागमूस नसे. मी त्यांच्या कॅसेट चार वर्षं भरत होतो आणि एकदाही हे ऐकलं नव्हतं. मी इको टाकत होतो.

दुपारी मुलगा आला. येणार नाही असं मला वाटलं होतं. मी त्याला हळदीची टेप ऐकवली, म्हातारीचं म्हणणं सांगितलं. त्याने दोनदा ऐकली. तो खोटा माणूस नव्हता, एवढं मला त्याचं मानावं लागतं. त्याने मान हलवली. म्हणजे ठरलं: तिसऱ्या ट्रॅकवर नऊ जणांचा ढीग आहे तसा ठेवायचा, चौथा मोकळा आहे, त्यावर एकच आवाज, शब्द सांगणारा, पुढे. तो मायकसमोर उभा राहिला, छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि काहीही बाहेर आलं नाही.

नऊ थरांत घसा संपला होता. त्याने परत प्रयत्न केला. सायकलच्या पंपासारखा आवाज आला. शनिवार परवावर होता. तो स्टुलावर बसला आणि खिशातून खडीसाखरेची पुडी काढून नुसती हातात धरून राहिला.

"बोलता येतंय?" मी विचारलं.

त्याने कुजबुजून सांगितलं की येत नाही. पण हे त्याने कुजबुजून सांगितलं, आणि मला एकूण एक अक्षर कळलं. 'त' आणि 'ट' सुद्धा.

"असंच म्हण," मी म्हटलं.

"काय?"

"गाणं. असंच. मायकला ओठ लावून."

त्याला ते अपमानास्पद वाटलं. पण अपमान ओरडून सांगायला आवाज नव्हता, त्यामुळे पहिल्यांदाच आमच्यात वाद झाला नाही. चौथ्या ट्रॅकवर त्याने अख्खं गाणं कुजबुजलं. मग मी मिक्स करायला बसलो. कुजबुज पुढे, मधोमध, दाबून एका पातळीत आणलेली. ढीग मागे, खालचा घुमारा कापलेला. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, शेवटच्या स्वरावर, बोटाने मिक्सरवरची ढिगाच्या आवाजाची पट्टी वर सरकवायची आणि पुढच्या शब्दाआधी खाली. गाण्यात बत्तीस ओळी होत्या. एक चुकली की टेप मागे घेऊन पहिल्यापासून. एकतिसावी मी दोनदा चुकलो, आणि दुसऱ्यांदा जे बोललो ते त्या खोलीत उमेदवारांच्याही तोंडून कधी निघालं नव्हतं. शुक्रवारी साडेतीनला ते जुळलं. एक माणूस तुमच्या कानाशी येऊन काहीतरी भयंकर सांगतोय, आणि तो थांबला की त्याच्या मागचा अंधार त्याला साथ देतोय. मला हे गाणं आवडत नव्हतं आणि माझ्या अंगावर काटा आला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होणं फार वैतागवाणं असतं.

संध्याकाळी वडील मुलाला न्यायला आले. रेक्झिनची बॅग मांडीवर घेऊन खुर्चीत ताठ बसले. मी कॅसेट लावली. त्यांनी पूर्ण ऐकली.

"घरी हा दार लावून करतो ते हेच?"

"हेच," मी म्हटलं.

"शब्द आहेत होय त्याला." ते मुलाकडे वळले. "ॲबिस म्हणजे काय रे?"

"खोल दरी," मुलगा कुजबुजला.

"तू कुठे पाहिलीस?"

माझ्या माहितीप्रमाणे त्याने जवळून पाहिलेली सर्वांत खोल गोष्ट म्हणजे त्यांच्या सोसायटीची पाण्याची टाकी. वडिलांनी बॅग उचलली. दारात थांबून मला म्हणाले, "तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं, हा काय म्हणतो ते. आवडलं नाही. पण कळलं." मुलगा जिन्यात त्यांच्या मागून उतरत होता आणि मागे वळून माझ्याकडे पाहत होता. मी दार लावून घेतलं.

कॅसेट निवडली गेली. स्पर्धेला मुलाने मलाही नेलं. तिथल्या ध्वनिव्यवस्थेच्या माणसाला समजवायला कोणीतरी हवं होतं. मुलाचा घसा तोवर बरा झाला होता आणि मंचावर तो कुजबुजणार नव्हता, कुजबुज ड्रमखाली कोणालाच ऐकू गेली नसती. तो एकटाच नऊ जणांचं काम करणार होता. मी त्या माणसाला सांगितलं की आवाज फाटका येईल, घाबरू नका. तो म्हणाला, "शेठ, वीस वर्षं मंडप लावतोय."

गाणं सुरू झालं. मी प्रेक्षकांत मागे होतो. मुलाने पहिली किंकाळी मारली आणि मला टेबलामागचा माणूस उठताना दिसला. त्याने मायकची वायर हलवून पाहिली. दुसरी किंकाळी झाली. त्याने मायकच्या आवाजाची पट्टी सर्र करून खाली ओढली. मी माणसांतून वाट काढत निघालो. अर्ध्या वाटेवर एका मुलीच्या पायावर पाय पडला, तिची माफी मागण्यात एक कडवं गेलं. टेबलाशी पोचलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "माईक गेला होता. बंद केला. नाहीतर स्पीकर उडाले असते."

"तो त्याचा आवाज होता!"

"काहीतरीच काय, शेठ."

तोवर गाणं संपलं होतं. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. ड्रमच्या शेजारी उभं राहून स्वतःचा आवाज तसाही ऐकू येत नाही. मानेच्या शिरा तट्ट फुगवून, डोळे मिटून, त्याने संपूर्ण गाणं मनापासून म्हटलं होतं. सभागृहाला गिटार, बेस आणि ड्रम फार स्वच्छ ऐकू आले. तीन परीक्षकांपैकी एकाने मला नंतर विचारलं, मधे उभा असलेला मुलगा काय वाजवतो.

निकाल संध्याकाळी लागला. मुलाने घरी जाऊन प्रमाणपत्र वडिलांच्या हातात दिलं. मी सोबत होतो, साक्षीदार म्हणून. वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, कपाटातून अर्धा फुलस्केप काढला, दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि पेनाचं टोपण उघडून फुलस्केपवर 'मुदतवाढ मंजूर' असं लिहून सही केली. मुलगा रडला. आवाज पूर्ण परत आला होता, त्यामुळे शेजारी बघायला आले.

त्यांना तिसरा क्रमांक मिळाला होता, वाद्यसंगीत विभागात. त्या विभागात प्रवेशिका दोनच आल्या होत्या. यांना धरून तीन झाल्या.